‘हो’ म्हणजे कबुली नव्हे

प्रतिनिधी, पिंपरी

पोलीस ठाण्यातील जबाबाला एक ठरलेली भाषा असते. ‘समक्ष विचारले असता सांगतो की’ अशी तिची सुरुवात होते आणि ‘माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे’ असा तिचा शेवट होतो. या दोन वाक्यांमधला मजकूर प्रश्नोत्तरांतून तयार होतो. परंतु कागदावर प्रश्न राहत नाहीत, उरतात ती केवळ उत्तरे. सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत ही पद्धत बहुतेक वेळा चालून जाते. ज्या व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे किंवा जी स्वमग्न आहे, तिच्या बाबतीत मात्र कागदावरून गळालेला प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा असतो. कारण अशी व्यक्ती काय उत्तर देते, हे तिला काय माहीत आहे यापेक्षा तिला कसे विचारले गेले यावर अनेकदा अवलंबून असते.

पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले आणि पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेला चाकणचा औद्योगिक पट्टाही त्याच्या हद्दीत आला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. अक्षम व्यक्तींचा जबाब कसा घ्यावा, याविषयी २०१३ मध्ये कायद्यात आलेल्या तरतुदी नव्या संहितेतही कायम आहेत. मात्र या तरतुदी कोणाला लागू होतात, कोणाला होत नाहीत आणि त्या प्रत्यक्षात येण्यासाठी ठाण्याच्या पहिल्या टेबलावर काय घडावे लागते, याची माहिती नागरिकांना क्वचितच असते.

आजार नव्हे, अक्षमता

या विषयातील पहिला घोटाळा शब्दांचा आहे. ‘वेडा’, ‘मनोरुग्ण’ आणि ‘मतिमंद’ हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मानसिक आजार आयुष्यात केव्हाही होऊ शकतो, त्यावर औषधोपचार असतात आणि अनेकदा तो आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता या गोष्टी मेंदूच्या विकासाशी निगडित असून बालपणापासून सोबत असतात. गोळी देऊन त्या ‘बऱ्या’ होत नाहीत. शिक्षण, सराव आणि समजूतदार परिसर यांमुळे जगणे सुकर होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बुद्धीचा अपुरा विकास स्पष्टपणे वगळला आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकारच्या अक्षमता होत्या व त्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या २१ वर नेली आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्पष्ट स्थान दिले. याच कायद्याचे कलम १२ न्याय मिळविण्याच्या हक्काविषयी आहे. दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिच्या पसंतीच्या भाषेत आणि तिला जमेल त्या संपर्कसाधनाने नोंदविण्याची सोय करणे, ही त्यानुसार शासनाची जबाबदारी आहे.

होकाराचे कोडे

बौद्धिक अक्षमता असलेली अनेक माणसे लहानपणापासून एक धडा गिरवत आलेली असतात. समोरच्या मोठ्या माणसाला ‘हो’ म्हटले की तो रागवत नाही. आपल्याला समजले नाही, हे लपविण्याचाही तोच सोपा मार्ग असतो. त्यामुळे ‘तू तिथे होतास ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर येते आणि थोड्या वेळाने ‘तू तिथे नव्हतास ना?’ असे विचारले तर त्यालाही ‘हो’च येते. मराठीत वाक्याच्या शेवटी सहज जोडला जाणारा ‘ना’ इथे घातक ठरतो, कारण तो प्रश्नातच उत्तर पुरवतो. न्यायालयात अशा प्रश्नांना सूचक प्रश्न म्हणतात आणि आपल्याच साक्षीदाराला ते विचारण्यावर बंधन आहे. ठाण्यातील चौकशीत मात्र त्यांना अटकाव करणारा कोणी नसतो.

एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की ‘आपले पहिले उत्तर चुकले’ असा अर्थ अशी व्यक्ती काढते आणि उत्तर बदलते. तपासी अधिकाऱ्याला मात्र ती खोटे बोलत असल्याचा संशय येतो. ‘तू घेतलेस की त्याने घेतले?’ असे दोन पर्याय ठेवल्यास कानावर शेवटी पडलेला पर्याय उत्तर म्हणून परत येऊ शकतो. काही स्वमग्न व्यक्ती ऐकलेले शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारतात. तो प्रतिध्वनी असतो, उत्तर नव्हे.

स्वमग्न व्यक्तीची अडचण आणखी वेगळी असू शकते. तिची बुद्धी उत्तम असेल, भाषा शुद्ध असेल; पण शब्दाचा ती वाच्यार्थच घेईल. ‘हात मारलास का?’ या प्रश्नात चोरीचा अर्थ आहे, हे तिला उमगेलच असे नाही. ‘तोंड उघड’ असा दरडावून हुकूम केल्यावर एखाद्याने खरोखरच तोंड उघडून दाखविले, तर तो चेष्टा करतो आहे असे ठाण्यात वाटेल. डोळ्याला डोळा न देणे, हात सतत हलविणे, एकाच जागी पुढे-मागे डुलणे, स्पर्श होताच ओरडणे या गोष्टी अपराधीपणाच्या किंवा नशेच्या खुणा मानल्या जातात. प्रत्यक्षात गोंगाट, प्रखर प्रकाश आणि अनोळखी माणसांचा गराडा यांचा तो ताण असतो.

लंडन आणि व्हर्जिनियाचा धडा

असे होकार किती दूरवर जाऊ शकतात, याची उदाहरणे परदेशांतील न्यायालयांच्या दप्तरी आहेत. १९७२ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड भागात मॅक्सवेल कॉन्फेट याचा खून झाला. पोलिसांनी १८, १५ व १४ वर्षांच्या तीन मुलांची चौकशी केली आणि तिघांकडून कबुलीजबाब घेतले. त्यांतील १८ वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता होती व त्याची समज सुमारे ८ वर्षांच्या मुलाइतकी असल्याचे सांगितले गेले. चौकशीच्या वेळी त्यांच्यासोबत घरचे कोणी नव्हते. तिघांनाही शिक्षा झाली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे शाही आयोग नेमला गेला आणि त्यातून १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा आकाराला आला. या कायद्याच्या संहितेनुसार अल्पवयीन किंवा अशा दुर्बल संशयिताची चौकशी करताना पोलिसांशी संबंध नसलेली एक जबाबदार प्रौढ व्यक्ती शेजारी असणे आवश्यक ठरले. ही व्यक्ती केवळ प्रेक्षक नसते. संशयिताला प्रश्न समजला का, चौकशी न्याय्य रीतीने चालली आहे का, हे पाहणे आणि गरज पडल्यास मध्ये बोलणे हे तिचे कामच आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९८३ मध्ये अर्ल वॉशिंग्टन या शेतमजुराला अटक झाली. त्याचा बुद्ध्यांक सुमारे ६९ होता. पोलिसांनी विचारलेल्या एकामागून एक गुन्ह्यांची तो कबुली देत गेला. त्यातील एका खुनाच्या बाबतीत त्याने मृत स्त्री कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले. ती गौरवर्णीय होती. दोन-तीन वार केल्याचे तो म्हणाला. अंगावर ३८ वार होते. तरीही १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला आणि १९८५ मध्ये फाशी अवघ्या ९ दिवसांवर येऊन ठेपली होती. पुढे डीएनए चाचण्यांमधून तो गुन्हेगार नसल्याचे स्पष्ट झाले व २००० मध्ये त्याला माफी मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना मृत्युदंड देण्यास मनाई केली. अशा व्यक्तींकडून खोटी कबुली येण्याचा धोका, हे त्या निकालातील एक कारण होते.

कायद्याने दिलेली मदत

भारतीय कायद्याने पीडित आणि साक्षीदार यांच्यासाठी काही निश्चित पावले टाकली आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीला तपासासाठी तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. ती स्वतः तयार असेल तरच ठाण्यात येऊ शकते. एरवी पोलिसांनी तिच्या घरी जायचे आहे.

लैंगिक अत्याचार व आम्लहल्ल्याच्या गुन्ह्यांत कलम १७३ याहून पुढे जाते. पीडित व्यक्ती अक्षम असेल तर फिर्याद तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी लागते आणि तिचे चित्रीकरण करावे लागते. कलम १८३ नुसार याच गुन्ह्यांत न्यायदंडाधिकाऱ्यांनाही जबाब नोंदविताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी लागते. हा चित्रित जबाब खटल्यात सरतपासणीच्या जागी धरला जातो. म्हणजे पीडितेला तीच हकीकत न्यायालयात पहिल्यापासून सांगावी लागत नाही. थेट उलटतपासणी होते. कलम ५४ ओळख परेडविषयी आहे. ओळख पटविणारी व्यक्ती अक्षम असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तिला सोयीच्या पद्धतीने परेड व्हावी आणि तिचे चित्रीकरण व्हावे, असे ते सांगते.

पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा लागू होतो. त्यातही मुलाच्या संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. मात्र वयाने प्रौढ व समजेने लहान असलेल्या व्यक्तीला या कायद्यातील ‘बालक’ मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिल्लीतील ‘ईरा’ प्रकरणात स्पष्ट केले. त्या खटल्यातील पीडिता ३८ वर्षांची होती व तिला सेरेब्रल पाल्सी होती. त्यामुळे प्रौढांसाठी वरील सर्वसाधारण कलमे हाच आधार उरतो.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे

या विषयातील दोन महत्त्वाचे आदेश महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांत झाले आहेत. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत’ या खटल्यातील पीडितेला श्रवणदोष, वाचादोष आणि बौद्धिक अक्षमता होती. सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी ठरविले होते. परंतु पीडितेची साक्षच झाली नाही, या मुख्य कारणावरून उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. अन्य पुरावा उपलब्ध असताना केवळ पीडितेची साक्ष नाही म्हणून आरोपी सुटू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात दुर्बल साक्षीदारांसाठी किमान दोन विशेष साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश देण्यात आले.

११ जानेवारी २०२२ रोजी ‘स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात न्यायालयाने दुर्बल साक्षीदाराची व्याख्या विस्तारली. मुलांबरोबरच मानसिक आजार असलेल्या व्यक्ती आणि दिव्यांग यांचाही तिच्यात समावेश झाला. प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र व्हावे यासाठी निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्याआधी २७ एप्रिल २०२१ रोजी आंध्र प्रदेशातील ‘पाटण जमाल वली’ प्रकरणात न्यायालयाने आणखी एक मुद्दा मांडला होता. व्यक्ती दिव्यांग आहे, एवढ्यावरून तिची साक्ष दुय्यम ठरत नाही. पोलिसांना या विषयाचे प्रशिक्षण द्यावे आणि विशेष शिक्षक, दुभाषी व विधी साह्य देणाऱ्यांची माहिती संकलित ठेवावी, अशी शिफारसही त्या निकालात आहे.

पुरावा कायद्याची भूमिकाही हीच आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ नुसार प्रश्न समजणारी आणि सुसंगत उत्तर देऊ शकणारी प्रत्येक व्यक्ती साक्षीदार होण्यास पात्र आहे. अक्षमतेचे प्रमाणपत्र हे साक्षीदाराला बाद करण्याचे साधन नाही. प्रश्न तिला समजेल असा विचारला गेला का, हे आधी पाहावे लागते.

संशयिताच्या बाजूला कोण?

या सर्व तरतुदी एकत्र वाचल्या की त्यांतील मोठी फट दिसते. विशेष शिक्षकाची सक्ती आहे ती प्रामुख्याने लैंगिक अत्याचार व आम्लहल्ल्याच्या पीडितांसाठी. चोरी, मारहाण किंवा फसवणुकीला बळी पडलेल्या अक्षम व्यक्तीला फिर्याद नोंदविताना तसा मदतनीस मिळेलच असे कायदा म्हणत नाही. आणि ती व्यक्ती संशयित म्हणून ठाण्यात आणली गेली असेल, तर इंग्लंडसारखी जबाबदार प्रौढ व्यक्ती शेजारी बसविण्याची सक्ती भारतीय कायद्यात नाही.

संशयिताला असलेले हक्क सर्वांसाठी सारखे आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही. संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते. मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकांना कळविणे, वैद्यकीय तपासणी करणे व २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. परंतु हे सारे हक्क तोंडी किंवा लेखी सांगितले जातात. ‘गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे वाक्य ज्याला समजलेच नाही, त्याच्यासाठी तो हक्क कागदावरच राहतो.

पोलिसांपुढील कबुली न्यायालयात ग्राह्य धरली जात नाही, ही मोठी ढाल आहे, यात शंका नाही. पण तिलाही मर्यादा आहेत. कबुलीतील माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. शिवाय कबुली मिळाली की तपासाची दिशा ठरते आणि खऱ्या गुन्हेगाराचा शोध थांबतो. जामीन मिळेपर्यंतचे दिवस कोठडीत जातात. आरोपी बौद्धिक अक्षमतेमुळे स्वतःचा बचाव करू शकत नसेल तर काय करावे, याची तरतूद संहितेत आहे. पण तो विचार न्यायालयात होतो, ठाण्यातील पहिल्या रात्री नव्हे. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील तुरुंगांबाबत आदेश देताना कैदी दाखल होतानाच त्याची अक्षमता ओळखण्यास सांगितले. तुरुंगाच्या दारात हे होऊ शकते, तर त्याआधीच्या दारातही ते शक्य असायला हवे.

चाकणच्या पट्ट्यातील अडचण

पिंपरी, भोसरी, तळवडे, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामासाठी आली आहेत. मराठवाडा आणि विदर्भातील मराठी, उत्तर प्रदेश व बिहारमधील हिंदी व भोजपुरी, ओडिशातील ओडिया अशा अनेक भाषा एकाच चाळीत ऐकू येतात. अक्षम व्यक्तीला दुसरी भाषा झेपणे आणखी कठीण असते. त्यामुळे इथे दुभाषी ‘किंवा’ विशेष शिक्षक अशी निवड पुरेशी नाही. अनेकदा दोघेही लागतात.

दुसरी अडचण नोंदीची आहे. कायम वस्तीच्या गावात शेजारी, शिक्षक, दुकानदार अशा व्यक्तीला ओळखून असतात. कामानिमित्त स्थलांतर केलेल्या कुटुंबात ही ओळख गावातच मागे राहते. आई-वडील पाळीवर असतात, तपासणी कधी झालेली नसते, प्रमाणपत्र नसते. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला तरुण हमाली, पॅकिंग किंवा भंगार गोळा करण्याचे काम नीट करतो आणि वरवर पाहता कोणाच्या लक्षात येत नाही. वरील कलमांत प्रमाणपत्र दाखविण्याची अट लिहिलेली नाही. पण समोरच्याला काही अडचण आहे, ही शंकाच ठाणे अंमलदाराला आली नाही, तर एकही कलम जागे होत नाही.

ही शंका येण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. शाळा कुठपर्यंत झाली, वेगळ्या वर्गात होता का, पैसे मोजता येतात का, बसने एकटा प्रवास करतो का, घरी कोण मदत करते, असे चार-सहा साधे प्रश्न सुरुवातीलाच विचारता येतात. विशेष शिक्षकही फार दूर नाहीत. निगडीत ‘कामायनी’सारखी विशेष शाळा आहे, मोरवाडीत महापालिकेचे दिव्यांग भवन आहे आणि प्रशिक्षित शिक्षकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. प्रत्येक ठाण्यात अशा शिक्षकांची व दुभाष्यांची भाषानिहाय यादी तयार असणे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या शिफारशीला धरूनच होईल.

प्रश्न कसा विचारावा

एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि वाक्य लहान ठेवावे. ‘काय झाले ते सांगा’ असे मोकळे आवाहन आधी करावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असे प्रश्न शक्यतो टाळावेत. उत्तरासाठी थांबावे, कारण अशा व्यक्तीला विचार करायला अधिक वेळ लागतो आणि शांतता म्हणजे लपवाछपवी नव्हे. ‘किती वाजता’ याऐवजी ‘जेवणाआधी की नंतर’, ‘पहिली पाळी सुटण्याआधी की नंतर’ असे रोजच्या घडामोडींशी जोडून विचारावे. मात्र पर्यायांचा क्रम उलटून पुन्हा खात्री करून घ्यावी. म्हणी, टोमणे आणि उपरोध वर्ज्य करावेत. ‘माहीत नाही’ किंवा ‘समजले नाही’ असे म्हटले तरी चालेल, हे सुरुवातीलाच सांगावे. एखादी खोटी गोष्ट विचारून पाहावी, उदाहरणार्थ ‘आज इथे येताना हत्ती दिसला ना?’ त्यालाही ‘हो’ आले तर पुढील प्रत्येक होकाराकडे सावधपणे पाहावे.

जागा शांत असावी, वर्दी शक्यतो नसावी, मधूनमधून विश्रांती द्यावी. प्रौढ व्यक्तीशी प्रौढ म्हणूनच बोलावे. तिला ‘बाळ’ म्हणून चुचकारणे आणि दरडावणे, दोन्हींतून मनासारखेच उत्तर मिळते. विशेष शिक्षकाने प्रश्न सोपा करावा, उत्तर मात्र सुचवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्नासकट संपूर्ण संवादाचे चित्रीकरण व्हावे. पोलिसांपुढील साक्षीदाराचा जबाब दृक्-श्राव्य माध्यमातून नोंदविण्याची मुभा संहितेच्या कलम १८० मध्ये आहेच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व ठाण्यांत, चौकशीच्या खोल्यांसह, सीसीटीव्ही बसविण्याचे आदेशही दिले आहेत.

कुटुंबीयांसाठी

घरात अशी व्यक्ती असल्यास तिचे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढून ठेवावे. तिच्या खिशात नाव, भाषा, अडचण आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. ठाण्यातून बोलावणे आल्यास कलम १७९ चा उल्लेख करून जबाब घरी घेण्याची विनंती लेखी द्यावी. अटक झाल्यास अक्षमतेची माहिती ठाणे अंमलदाराला, वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना, अशी तिन्ही ठिकाणी लेखी कळवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर संपर्क साधता येतो.

या सवलती कोणावर मेहेरबानी म्हणून दिलेल्या नाहीत. चुकीच्या होकारावर उभा राहिलेला तपास निरपराध माणसाला कोठडीत पाठवतो आणि त्याच वेळी खऱ्या गुन्हेगाराला मोकळे ठेवतो. पीडितेला विचारताच आले नाही, तर तिच्यावरील अन्यायाचीही तीच गत होते. दोन्ही बाबतींत उत्तर देणारा कमी पडलेला नसतो, प्रश्न कमी पडलेला असतो. म्हणूनच जबाबाच्या कागदावर ‘विचारले असता’ एवढेच न लिहिता नेमके काय विचारले, कोणत्या भाषेत विचारले आणि त्या वेळी शेजारी कोण होते, हेही लिहिले जाणे अगत्याचे आहे.